खशियत आणि हिकमत
अक्कलकुव्यात १९७९ साली मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवी यांनी जामिया सुरू केली. पुढे तिथे हिफ्जसोबत आयटीआय, फार्मसीही आली. तरी "दीन वेगळा, विज्ञान वेगळे" असे आम्हा शिक्षकांना घरोघरी ऐकू येतेच. सूरह फातिर पाहा. आयत २७ मध्ये पाऊस, रंगीबेरंगी फळे, डोंगरांतले पांढरे-तांबडे पट्टे. आणि लगेच पुढे, अल्लाहची खशियत कोणाला? ज्ञानवंतांना!

खशियत म्हणजे छडीची भीती नव्हे (ती आपण मुलांना उगाच देतो). हिकमत लाभलेले हजरत लुकमान मुलाला सांगतात, राईएवढी गोष्ट खडकात दडली तरी अल्लाह ती समोर आणील. हे उमगलेला दहावीचा मुलगा पर्यवेक्षक बाहेर गेल्यावरही शेजारच्या पेपरात डोकावणार नाही. खिडकीखाली कॉपी घेऊन उभ्या पालकांना कोणी समजवावे?