काखेत कळसा, गावाला वळसा!

सबमिशनचे दिवस जवळ आले की हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अगं, कालपर्यंत तर चालत होतं!" प्रोजेक्ट वेबसाइटचा असतो, पायथॉनमधल्या जँगो फ्रेमवर्कवर केलेला. स्वतःच्या लॅपटॉपवर सगळं झकास. मग कुणीतरी सांगतं, साइट सगळ्यांसाठी खुली करायची तर सेटिंग्जच्या फाइलमधलं 'डीबग' बंद करायला हवं. ते बंद केलं की साइट उघडते खरी, पण पार उघडीबोडकी! रंग नाहीत, फाँट नाहीत, सगळं एकाखाली एक.

मग सुरू होतं अंधारात तीर मारणं. स्टॅटिक फाइल्सचा पाथ बदल, स्लॅश लाव, स्लॅश काढ. चॅटबॉटला विचारलं की तो पाच उपाय देतो, ते पाचही करून बघ. शेवटी पहाटे तीनला कंटाळून 'डीबग' परत चालू केलं जातं, रंग परत येतात आणि सगळे झोपायला जातात.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. समजा, ती साइट मेसच्या हजेरीची आहे आणि तिच्यात आपल्या सगळ्यांचे मोबाईल नंबर आहेत. 'डीबग' चालू असताना एखादं पान कोसळलं, तर जँगो समोरच्या कुणालाही आपल्या प्रोग्रॅमच्या ओळी आणि त्या क्षणी व्हेरिएबल्समध्ये काय होतं ते दाखवतो. पासवर्डसारखी नावं असलेली सेटिंग्ज तो झाकतो. पण आपल्या रूममेटचा नंबरही झाकायचा असतो, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

आणि गंमत बघा, खरं उत्तर आपल्याच हार्डडिस्कवर पडलेलं असतं. पिपने जँगो टाकलं की त्याचा पायथॉन सोर्स कोड 'साइट-पॅकेजेस' फोल्डरमध्ये येऊन बसतो. त्यातल्या 'स्टॅटिकफाइल्स' ॲपमधली 'रनसर्व्हर' कमांडची फाइल उघडा. तिथे एक साधा 'इफ' आहे: डीबग चालू असेल, किंवा कमांडला 'इनसिक्युअर' हा पर्याय दिला असेल, तरच स्टॅटिक फाइल्स द्यायच्या. बस्स! म्हणजे पाथचा गुन्हा काहीच नव्हता. रनसर्व्हर हा फक्त डेव्हलपमेंटसाठी आहे. खऱ्या साइटवर 'कलेक्टस्टॅटिक' चालवून फाइल्स एका जागी गोळा करायच्या आणि त्या वाढायचं काम एनजिनएक्स किंवा व्हाइटनॉइजकडे सोपवायचं.

नेमकी कुठली फाइल उघडायची हे कळत नसेल, तर डीबगरला घेऊन आत शिरायचं. पण व्हीएस कोडच्या पायथॉन डीबगरमध्ये 'जस्ट माय कोड' नावाची एक सेटिंग मुळातच चालू असते. त्यामुळे तो फ्रेमवर्कच्या दारातूनच परत फिरतो. ती 'फॉल्स' करा, मग बघा कसा आत जातो! मला तर वाटतं, ही सेटिंग आपल्या डोक्यातही चालूच असते. माझा कोड तेवढा माझा, बाकी सगळी देवाची करणी!

आत शिरताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, आपण वाचतोय तीच प्रत चालतेय ना? पुष्कळ जण सोर्स वेगळा डाउनलोड करतात, त्यात प्रिंट टाकतात आणि काहीच छापलं जात नाही म्हणून हैराण होतात. चालू असते ती व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधली दुसरीच प्रत! जँगो मॉड्यूलचा 'फाइल' ॲट्रिब्यूट छापला की खरा पत्ता कळतो. दुसरी, सेटिंग्जची फाइल तरी तीच आहे ना? 'मॅनेज' फाइल सेटिंग्जचं नाव देते, पण ते आधीच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं नसेल तरच. ते असेल, तर तुम्ही एका फाइलमध्ये बदल करत बसणार आणि जँगो वाचणार भलतीच!

"एवढा वेळ कुणाकडे आहे?" असं कुणी म्हणेल. पण सगळं जँगो वाचा असं मी म्हणतच नाही. आपली अडलेली एक सेटिंग कुठे वाचली जाते, तेवढाच धागा पकडायचा. चॅटबॉटलाही जरूर विचारा, पण त्याच्या पाच उपायांतला खरा कुठला, याचा निकाल सोर्सच देणार. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शब्द अडला की शेजारणीला विचारायची परवानगी नसे, आधी डिक्शनरी उघडावी लागे. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, सोर्स कोड ही फ्रेमवर्कची डिक्शनरीच आहे की!

जँगो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स इथे, एका वर्तमानपत्राच्या वेबसाइटसाठी तयार झालं आणि 2005 साली सर्वांसाठी खुलं केलं गेलं. त्या मंडळींनी आपलं घर सताड उघडं ठेवलंय आणि आपण मात्र ओट्यावर बसून आत काय असेल याच्या पैजा लावतोय!

म्हणून आपल्या सर-मॅडमना एक विनंती. जर्नलमध्ये आपण दरवर्षी 'लिहिलेल्या' प्रोग्रॅम्सची पानं भरतो. त्यात एक प्रॅक्टिकल 'वाचलेल्या' कोडचंही असू द्या. एक बिघडलेली सेटिंग द्या, ती फ्रेमवर्कच्या कुठल्या ओळीत वाचली जाते ते शोधायला सांगा, आणि व्हायवामध्ये "का?" एवढंच विचारा. नोकरीत पहिल्या दिवसापासून दुसऱ्याचाच कोड वाचावा लागतो म्हणतात. त्याची सवय इथेच झाली तर काय वाईट?

आणि तोपर्यंत, मित्र-मैत्रिणींनो, मेसच्या साइटवरचं ते 'डीबग' तेवढं बंद करा. त्यात माझाही नंबर आहे!