ग्रंथालयाची मोहोर

महाविद्यालयीन ग्रंथालये आपल्या सूचना फलकावर डकवून न थांबता त्या इन्स्टाग्रामवर व व्हॉट्सअ‍ॅपवरही धाडू लागली आहेत, हे उचितच होय. परंतु एकाच ग्रंथालयाची सोमवारची सूचना पिवळ्या पटावर गुलाबपुष्पांसह आणि गुरुवारची जांभळ्या पटावर तिरप्या अक्षरांत प्रसृत होत असेल, तर ती कोणत्या दप्तरातून निघाली हे विद्यार्थ्यास उमगावे कसे? अलीकडे पाहण्यात आलेल्या अशा एका चित्रात निम्मी जागा पदाधिकाऱ्यांच्या छायाचित्रांनी व्यापली होती, आणि बेबाकी दाखल्यासाठी पुस्तके परत करण्याची अखेरची तारीख तळाशी, लाल पटावर काळ्या बारीक अक्षरांत होती. परीक्षेच्या तोंडावर ज्याला तो दाखला हवा, त्याच्यापुरती ती सूचना निघालीच नव्हती.

डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली, त्यांतील चौथे वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. दृश्य एकरूपतेचा विचार मी त्याच सूत्राखाली करतो, जाहिरातीच्या सदरात नव्हे. मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधील ग्रंथालयास 1878 साली पुरा झालेला राजाबाई मनोरा लाभला आहे, त्याची नुसती बाह्यरेषाही मोहोर म्हणून पुरेशी आहे. मात्र तालुक्याच्या ज्या महाविद्यालयास असे शिल्प लाभले नाही, त्याचेही काही अडत नाही. बोधचिन्हाची जागा एकच असावी, रंग दोनच असावेत, अक्षरवळणही एकच (मुंबईच्या 'एक टाइप'ने घडविलेले 'मुक्ता' विनामूल्य मिळते, आणि त्यात देवनागरी व रोमन दोन्ही लिप्या आहेत), आणि तारीख सर्वांत ठळक असावी. एवढे वर्षानुवर्षे पाळले तरी मजकूर वाचण्यापूर्वीच प्रेषकाची ओळख पटते.

खरी अडचण अभिरुचीची नसून शिरस्त्याची आहे. हे काम ज्याच्या हाती त्या दिवशी मोबाइल असेल त्याच्याकडे जाते. कंत्राटी सहायकाची मुदत संपली की त्याच्याबरोबर नमुनेही जातात, आणि नवा माणूस नव्याने आरंभ करतो. म्हणून रंगांचे क्रमांक, अक्षराचे नाव व आकार, आणि रिकामे नमुने कोठे साठविले आहेत याची नोंद असलेले एक पान ग्रंथपालाच्या सहीनिशी दप्तरी दाखल असावे. 12 ऑगस्टच्या ग्रंथपाल दिनी शुभेच्छांचे आणखी एक चित्र काढण्याऐवजी हे पान लिहून काढावे, आणि देवघेव विभागाच्या टेबलावर ठेवावे.

— ग्रंथस्नेही