काचेचे समुद्रफूल



दिवाळी-नाताळच्या सुट्टीत मालवणला आलेला पाहुणा जाताना समुद्राची काहीतरी आठवण मागतोच. मग कुणी जाळ्यात अडकून आलेला प्रवाळाचा तुकडा पुढे करतो. तसे मुळीच करू नका. मालवणचा सागरी भाग १९८७ सालीच अभयारण्य झाला आणि २००१ साली प्रवाळ व समुद्रपंखा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत जाऊन बसले. चार पैशांपायी कोर्टाची पायरी चढावी लागेल.

मग विकायचे काय? सावंतवाडीच्या चितारआळीने याचे उत्तर कधीच दिले आहे. तिथे लाकडाचे आंबे, केळी, सीताफळे होतात. तेच समुद्राच्या बाबतीत काचेने साधते. आणि काच आपल्याला परकी नाही. कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्याची सिलिका वाळू काच कारखान्यांना लागते, हे तुम्ही जाणताच.

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरी लिओपोल्ड ब्लाश्का आणि त्याचा मुलगा रुडॉल्फ अशा बाप-लेकांनी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात काचेची समुद्रफुले, जेलीफिश, गोगलगाई घडवल्या. जेलीफिश स्पिरिटच्या बाटलीत ठेवला की रंग जातो, आकार जातो. म्हणून शाळा-कॉलेजे ही काचेची नक्कल घेत. कारखाना नव्हता, नोकर नव्हते. घरातले टेबल, दिव्याची ज्योत आणि पायाने हलवायचा भाता, एवढ्यावर काम चाले. पुढे रुडॉल्फने अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठासाठी रोग पडलेली, कुजलेली सफरचंदे आणि पीच काचेत उतरवली. आमच्या खात्याला असा कारागीर मिळता तर करप्याचा आंबा बारमाही दाखवता आला असता!

आजही रीत तीच आहे, फक्त भात्याच्या जागी गॅस आणि ऑक्सिजनचा बर्नर आला. काचेची कांडी ज्योतीत फिरवत राहायची, मऊ झाली की चिमट्याने ओढायची, चिमटायची, दुसरा रंग चिकटवायचा. हात बसायला महिने लागतात. पण खरी मेख पुढेच आहे. तयार वस्तू वाऱ्यावर ठेवली तर बाहेरून लवकर निवते, आत ताण राहतो आणि रात्रीतून आपोआप तडकते. साधी काच सुमारे ५०० अंशांच्या भट्टीत काही वेळ धरून सावकाश थंड करावी लागते. ही भट्टी नसेल तर विक्रीचा माल करू नका. फुटका माल पाहुण्याच्या पिशवीत गेला की नाव आपलेच जाते.

डोळ्यांना खास चष्मा हवा, खोली हवेशीर हवी, आणि गवताच्या उडवीशेजारी ही ज्योत पेटवू नका. पहिल्याच वर्षी कर्ज काढून सिलिंडर घेण्यापेक्षा घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला प्रयोगशाळेची काचेची उपकरणे घडवणाऱ्या कारागिराकडे पाठवा. ओहोटीला खडकावर बसून समुद्रफूल कसे उमलते, कसे मिटते, ते मात्र तिने इथेच पाहायचे आहे.