शेजारी बसून सगळं येत नाही!

मंडळी, अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडिया वैमानिक घडवणार असं २०२४ साली जाहीर झालं, तेव्हापासून आमच्या राळेगावकडची पोरंही विमानाची स्वप्नं पाहू लागली आहेत. चांगलंच आहे. पण त्याबरोबर एक वाक्य सारखं कानावर येतं, "जुन्या कॅप्टनच्या शेजारी बसलं की सगळं आपोआप येतं." मला हे साफ नामंजूर आहे.

७ ऑगस्ट २०२० आठवा. दुबईहून आलेलं विमान कोझिकोडला भर पावसात धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. कॅप्टन दीपक साठे आपल्या नागपूरचे, हवाईदलात नावाजलेले, दहा हजारांहून जास्त तास उडालेले. त्यांच्या कर्तबगारीवर शंका घेणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. पण त्यांच्या गौरवाचे निरोप जेवढे फिरले, तेवढा २०२१ सालचा चौकशी अहवाल कोणी वाचला का? वारा पाठीमागून, कॅप्टनसमोरच्या काचेचा वायपर धड चालेना, आणि विमान टेकलं तेव्हा निम्मी धावपट्टी संपलेली. शेजारचा तरुण सहवैमानिक 'गो अराउंड' म्हणाला होता. म्हणजे उतरू नका, पुन्हा वर चला! ते मानलं गेलं नाही, आणि त्यानेही विमान आपल्या हाती घेतलं नाही.

हा काही आपल्याच मातीचा दोष नाही. १९७७ साली टेनेरिफला दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. चूक करणारा डच कॅप्टन स्वतः इतरांना शिकवणारा होता. समोरचं विमान बाजूला झालं का, ही फ्लाइट इंजिनिअरची शंका त्याने उडवून लावली.

ओल्या धावपट्टीवर ब्रेक कसे लागतात, आडवा वारा कसा झेलायचा, हे जुन्यांनी द्यायलाच हवं. पुस्तकात ते पुरतं सापडत नाही. पण परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांत शिक्षकाने मुद्दाम चुकावं आणि पोराने "सर, मी घेतो" म्हणून विमान हाती घ्यावं, हा धडा किती वेळा होतो? जो घेणार नाही तो नापास, असं का असू नये?

"मग शिस्त कुठे राहिली?" असं आमचे काही ज्येष्ठ विचारतील. अहो, वर्गात फळ्यावरचं गणित चुकलं तर तास वाया जातो. तिथे मागे शे-दीडशे माणसं पट्टे बांधून बसलेली असतात.

असो. तुमच्या घरचं कोणी वैमानिकीला गेलं असेल, तर शिक्षकाला आजवर किती वेळा अडवलंस, एवढं विचारून कळवा.