‘दॅट्स अमोरे’ला फक्त थट्टा म्हणू नका

‘दॅट्स अमोरे’ या १९५३च्या गाण्यावर एक जुना आक्षेप आहे: पिझ्झा, वाइन आणि नेपल्स एवढ्यातच त्याने अख्खा इटालियन समाज बसवून टाकला. आक्षेप खोटा नाही. गीतकार जॅक ब्रुक्स तर लिव्हरपूलमध्ये जन्मलेला. पण चाल बांधणारा हॅरी वॉरन मूळचा ब्रुकलिनचा साल्वातोरे ग्वारान्या, आणि गायक डीन मार्टिन म्हणजे ओहायोतल्या एका न्हाव्याचा मुलगा, दिनो क्रोचेत्ती. दोघेही इंग्रजी वळणाच्या नावांनीच प्रसिद्ध झाले. वॉरनने तीन ऑस्कर मिळवले, तेही इटलीशी काडीचा संबंध नसलेल्या गाण्यांवर. त्यामुळे त्याने इथे मुद्दाम मँडोलिनची आठवण देणारी चाल वापरली, याला निव्वळ बाजारूपणा म्हणणं मला अपुरं वाटतं.

काळही पाहायला हवा. १८९१मध्ये न्यू ऑर्लीन्समध्ये जमावाने अकरा इटालियनांना ठार मारलं होतं. १९२४च्या कायद्याने इटलीतून येणाऱ्यांची वाट जवळपास बंद केली. दुसऱ्या महायुद्धात तर नागरिकत्व नसलेल्या इटालियनांची नोंद शत्रुराष्ट्राची माणसं म्हणून झाली. त्यानंतर दशकभरातच त्यांच्या घरचं जेवण आणि प्रेमाचा उघड गाजावाजा साऱ्या अमेरिकेने गुणगुणावा, हा बदल लहान नव्हे. साचा राहिलाच, हे मान्य. फक्त तो आता भीतीचा नव्हता. १९८७च्या ‘मूनस्ट्रक’ या चित्रपटाने ब्रुकलिनमधल्या इटालियन कुटुंबाची गोष्ट याच गाण्याने सुरू केली, तेव्हा त्यातल्या अतिशयोक्तीवर प्रेक्षक त्या कुटुंबासोबतच हसले.