ड्रॅगनला भट्टीला जुंपा

आटपाट नगर | साप्ताहिक सदर

‘गेम ऑफ थ्रोन्स’चं चौथं पर्व (2014) ज्या दृश्यानं सुरू होतं, ते कारागिरीची आवड असलेल्या माणसाला आधी खिळवून ठेवतं आणि मग छळतं. टायविन लॅनिस्टर नेड स्टार्कची ‘आइस’ ही खानदानी तलवार वितळवून घेतो. लालभडक रस दोन साच्यांत ओतला जातो आणि दोन नव्या तलवारी तयार होतात. नेपथ्य सुरेख, प्रकाशयोजना सुरेख, धातुविद्या मात्र चक्क थाप. 2001च्या ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’ चित्रपटातही सारूमानच्या तळघरात हाच प्रकार चालतो.

पोलादी तलवार अशी ओतत नाहीत. तांबं 1085 अंश सेल्सिअसला वितळतं, त्यात कथील घातलं की त्याहून कमीत. म्हणून कांस्ययुगातल्या तलवारी खरोखरच ओतलेल्या असत. शुद्ध लोखंडाला 1538 अंश लागतात. लोणारी कोळसा आणि हाताचा भाता यांवर चालणारी जुनी भट्टी तिथवर पोचत नाही. तिच्यातून निघतो तो मळीनं भरलेला सच्छिद्र गोळा. तो लाल असतानाच घणाखाली घालायचा, मळी ठोकून बाहेर काढायची, पुन्हा तापवायचा, पुन्हा ठोकायचा. कर्बाचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास गेलं तर लोखंड 1150 अंशांच्या सुमारास वितळतं खरं, पण मग ते झालं बीड. बिडाचा तवा फरशीवर पडला की काय होतं हे घरोघरी ठाऊक आहे. बिडाची तलवार पहिल्याच वाराला तशी जाईल.

जिथं ड्रॅगन उडतात तिथं हे अंशांचे हिशेब कशाला, असं कुणी म्हणेल. ड्रॅगनबद्दल माझी काहीच तक्रार नाही. लेखकानं निसर्गाचे नियम खुशाल मोडावेत, पण मोडल्यावर त्यांचे परिणामही निस्तरावेत. ज्या राज्यात पोलादाचा रस हवा तसा ओतता येतो, तिथं तोफा, बॉयलर आणि रूळ यायला किती वेळ लागणार? आपल्या जगात पोलादाचा रस टनांनी मिळू लागला तो 1856च्या बेसेमर पद्धतीनंतर, आणि काही दशकांतच रूळ, पूल, जहाजं पोलादाची झाली. लॅनिस्टरांचं सैन्य मात्र अजून घोड्यावरच! त्यात ‘आइस’ ज्याची होती ते व्हॅलिरियन पोलाद ड्रॅगनच्या ज्वाळेत घडवलेलं, अशी मूळ कादंबरीकार मार्टिन यांच्या जगातली आख्यायिका. म्हणजे सरपण न खाणारी, हवी तेवढी तापणारी भट्टी दाराशी बांधलेली आहे आणि तिचा उपयोग काय, तर शत्रूची गावं जाळायला. मी तिथला दिवाण असतो तर युद्ध थांबवून ड्रॅगनला आधी लोहारकामाला लावला असता.

व्हॅलिरियन पोलादाचं वर्णन वाचताना दख्खनचं वुट्झ पोलाद आठवतंच. तेलंगणात कोनासमुद्रम हे त्याचं नावाजलेलं ठिकाण. लोखंड आणि लाकूडपाला मुशीत घालून तोंड लिंपायचं आणि तासन् तास आच द्यायची. साधारण दीड टक्का कर्बाची छोटी ढेप हाती यायची. दमास्कसच्या लहरदार पात्यांची ख्याती अशाच ढेपांवर उभी राहिली. एकोणिसाव्या शतकात मायकेल फॅरडेनं या पोलादावर प्रयोग केले, आणि त्याच शतकात इथली ती विद्याही मावळत गेली. हे पोलाद मुशीमुशीनं तयार व्हायचं, म्हणून त्याच्या तलवारी झाल्या, आगगाडी झाली नाही. अद्भुतकथा लिहिणारे धातूचे गुण रंगवून सांगतात, तो किती निघतो ते सांगत नाहीत.

आणि माप तर हटकून विसरतात. जेम्स वॉटनं वाफेच्या इंजिनाचं पेटंट घेतलं 1769 साली. कल्पना पक्की होती, पण ओतलेला सिलिंडर आतून नीट गोल मिळेना. दट्ट्या आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून वाफ निसटायची. वाट मोकळी केली ती जॉन विल्किन्सन या बिडाच्या कारखानदारानं. तोफा कोरण्यासाठी त्यानं 1774मध्ये यंत्राचं पेटंट घेतलं होतं. सिलिंडर दोन्ही बाजूंनी उघडा असतो, म्हणून पुढं त्यानं कोरायचा दांडा आरपार घालून दोन्ही टोकांना टेकू दिला. त्यामुळे हत्यार ओतकामाच्या वाकड्या भिंतीमागं फरपटत जायचं थांबलं. 50 इंच व्यासाच्या सिलिंडरात जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक नाही, असं वॉटचा भागीदार बोल्टन यानं कौतुकानं लिहून ठेवलं आहे. तोफेसाठी घडलेलं कसब इंजिनाला लागू पडलं.

मापाचं हे मर्म नेमकं पकडलं टेरी प्रॅचेटनं. ‘रेझिंग स्टीम’ (2013) या डिस्कवर्ल्ड कादंबरीत नेड सिम्नेल हा लोहार वाफेशी खेळता खेळता स्फोटात उडून जातो. मुलगा डिक मागं हटत नाही, मोजायला शिकतो, आणि त्याचं इंजिन रुळावर धावतं. जादूगारांनी भरलेल्या त्या जगात आगगाडी गणितानं येते, हा मला पुस्तकातला सर्वांत धीट विनोद वाटतो. ब्रँडन सँडरसनच्या ‘मिस्टबॉर्न’मध्ये (2006) माणसं धातू गिळून त्यातून शक्ती मिळवतात, आणि मिश्रधातूचं प्रमाण चुकलं तर जिवावर बेततं. शिवाय ‘द अलॉय ऑफ लॉ’मध्ये (2011) त्यानं तेच जग 300 वर्षं पुढं नेऊन तिथं रेल्वे आणि पिस्तुलं आणली. टॉल्कीनचं जग असं पुढं सरकत नाही, पण इंधनाचा हिशेब त्यानं सोडला नाही. सारूमानच्या भट्ट्यांसाठी जंगल तुटतं आणि झाडंच त्याच्यावर चाल करून येतात.

मराठीत अशी जगं रचू पाहणाऱ्यांना एक विनंती. नकाशा आणि राजघराण्याची वंशावळ जरा थांबू द्या. तुमच्या राज्यात कांसं असेल तर कथील कुठून येतं ते आधी ठरवा. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुनला बुडालेल्या, सुमारे 3300 वर्षांपूर्वीच्या जहाजात अंदाजे दहा टन तांबं आणि एक टन कथील सापडलं, म्हणजे कांशाचं जवळजवळ तयार प्रमाणच. लोखंड असेल तर कोळसा कुणाच्या रानातला, आणि भट्टी किती तापते? अभ्यासासाठी परदेशी जायलाही नको. नागपूरजवळ नायकुंडला महापाषाणयुगीन वस्तीत लोखंड गाळायच्या भट्टीचे अवशेष मिळाले आहेत. त्या उत्खननाविषयी वाचा आणि पहिलं प्रकरण तिथूनच सुरू करा.

— आटपाटकर