घरप्रपंच : टिकाऊ जोडा

घरात कमावता एक आणि चालणारे पाय दहा, अशी आपल्या बहुतेक कुटुंबांची स्थिती असते. म्हणून पादत्राणांचा विचार हा चैनीचा विचार नव्हे. तो प्रपंचाचाच विचार आहे. आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ तरुण कारखान्यांत, रेल्वेत, सैन्यात, दूरच्या प्रांतांत नोकरीस जातात आणि घरची वडीलधारी माणसे पोटाला चिमटा घेऊन त्यांना पहिला चांगला बूटजोड घेऊन देतात. तो पैसा वाया जाऊ नये, एवढ्याचसाठी आजचा हा प्रपंच.

अशा दूरच्या ठिकाणांपैकी एक ग्वाल्हेर. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली तेथे छावणी दिली आणि त्या छावणीचेच पुढे ‘लष्कर’ या नावाचे शहर झाले. शिंद्यांबरोबर आलेल्या घराण्यांनी मराठी भाषाही तेथे रुजविली. लष्करातील ‘खासगी बाजार’ हे नावच पाहा. राजघराण्याच्या स्वतःच्या मिळकतीला मराठी दौलतीत ‘खासगी’ म्हणत. आपल्या धर्माचाही त्या नगरीशी जुना संबंध आहे. १८७४ साली पूर्ण झालेला शिंद्यांचा जयविलास महाल ज्यांच्या आराखड्यावरून उभा राहिला, ते मायकेल फिलोज इटालियन वंशाच्या कॅथलिक घराण्यातले होते.

या खासगी बाजारात बिऱ्हाड करणाऱ्या आपल्या मुलाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मे महिन्यात तेथे पारा ४५ अंशांवर चढतो आणि लू वाहते. जानेवारीत कडाक्याची थंडी पडते. वसईत बुटांचा शत्रू ओल. ग्वाल्हेरीस त्यांचा शत्रू कोरडेपणा. गावी ज्या बुटांवर बुरशी चढते, त्याच बुटांना तिकडे भेगा पडतात.

आता निवडीविषयी. पादत्राणांचे मोठे केंद्र जे आग्रा, ते ग्वाल्हेरपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. मालाला तोटा नाही. पारख मात्र हवी. कातड्यावर अंगठा दाबावा. अस्सल कातडे असेल तर बारीक, अनियमित सुरकुत्या उमटतात व अंगठा उचलताच विरतात. रेक्झिनवर बहुधा नुसता खळगा पडतो. कातड्याची कापलेली कड दिसत असेल तर तीही पाहावी. अस्सल कातड्याची कड तंतुमय असते. ‘अस्सल चामडे’ या शिक्क्यावर मात्र विसंबू नये. जनावराच्या कातड्याचा वरचा थर सर्वांत मजबूत. खालचा थर चिरून त्यावर रंगाचा लेप दिला, तरी त्याला चामडेच म्हणतात.

त्याहून महत्त्वाचा तळ. तळ नुसता चिकटविलेला आहे की शिवलेला, हे विचारावे व टाके स्वतः पाहावेत. शोभेसाठी घातलेले खोटे टाकेही असतात. शिवलेला तळ झिजला की उसवून नवा बसविता येतो; चिकटविलेला सुटला की बहुधा जोडच टाकावा लागतो. समजा, सातशे रुपयांचा जोड सहा महिन्यांत फाटतो. पाच वर्षांत सात हजार गेले. तीन हजारांचा शिवलेला जोड घेतला आणि सहाशे रुपये देऊन दोनदा तळ बदलला, तर त्याच पाच वर्षांत बेचाळीसशे लागले. स्वस्त कोणता?

बूट सायंकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतात. मोजे घालून, दोन्ही पायांत चढवून, दुकानात चालून पाहावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठाभर जागा असावी. ‘वापरून सैल होतील’ या शब्दावर तंग बूट घेऊ नयेत; कातडे रुंदीत थोडे सैलावते, लांबीत नाही. कारखान्यात जड सामान हाताळणाऱ्याने साधे बूट न घेता भारतीय मानक १५२९८ चा आय.एस.आय. शिक्का असलेले सुरक्षा-बूट मागावेत.

ज्यांच्या घरी मधुमेहाचा रोगी आहे, त्यांना आमचा विशेष आग्रह आहे. या रोगात पायांची संवेदना मंदावते. बूट लागतो हे कळत नाही, फोड दुखत नाही, जखम चिघळते आणि प्रसंगी पाय कापण्याची वेळ येते. अशा वडीलधाऱ्यांचे बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा किंवा वर आलेला खिळा पाहावा. रात्री त्यांचे तळवे मुलासुनांनी पाहावेत. ही सेवा लहान नव्हे. पवित्र गुरुवारी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याचे स्मरण घरी याहून चांगले कसे होणार?

निगेला आठवड्यातून दहा मिनिटे पुरतात. ब्रशाने धूळ झाडावी, ओलसर फडक्याने चिखल पुसावा, सावलीत वाळू द्यावे, मग थोडे पॉलिश लावून घासावे. भिजलेले बूट चुलीजवळ किंवा उन्हात कधीही ठेवू नयेत. ओले कातडे तापले की आकसते, कडक होते व चिरते. आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि ते ओले झाले की बदलावेत. ग्वाल्हेरसारख्या कोरड्या हवेत महिन्यातून एकदा कातड्याचे मलम किंवा तेल अगदी थोडे चोळावे. जास्त झाल्यास कातडे लिबलिबीत होते. आपल्याकडे पावसाळ्यात बुरशी आल्यास पाण्यात थोडा शिरका मिसळून त्या फडक्याने पुसावे. खाऱ्या पाण्याचे पांढरे डागही त्यानेच जातात. प्लास्टिकच्या पिशवीत बूट कोंडू नयेत. साधल्यास दोन जोड आलटून पालटून घालावेत, म्हणजे घामाची ओल सुकण्यास एक दिवस मिळतो.

शेवटी ज्याच्या हातावर हे सारे अवलंबून आहे, त्या चर्मकाराविषयी. आरी, रापी आणि मेण लावलेला दोरा घेऊन तो रस्त्याच्या कडेला बसतो. दुकानात छापील किंमत निमूटपणे मोजणारे आपण त्याच्यापाशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो आणि काही जण त्याच्या जातीवरून त्याला कमी लेखतात. ख्रिस्ती माणसाला हे शोभत नाही. ख्रिस्तसभेने संत क्रिस्पिन व संत क्रिस्पिनियन या बंधूंना चर्मकारांचे आश्रयदाते मानले आहे. परंपरा सांगते की, तिसऱ्या शतकात फ्रान्समधील स्वासाँ येथे ते दिवसा प्रभूची वार्ता सांगत, रात्री जोडे शिवून पोट भरत आणि अखेर श्रद्धेसाठी त्यांनी प्राण दिले. २५ ऑक्टोबर हा त्यांचा सण. ज्या धंद्यातून वेदीवर मान मिळालेले संत निघाले, तो धंदा हलका कसा?

तेव्हा तळ वेळेवर बदलून घ्यावा, त्याची मजुरी पुरती द्यावी आणि वर दोन गोड शब्द बोलावेत. मुलेही ते पाहत असतात.